खोक्यावरचा आकडा स्टेजवर वाजत नाही

गणपती जवळ आले की वाद्यांच्या दुकानात सगळी गर्दी कीबोर्डसमोर. भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा, हळदीला वाजवणारी पोरं, गॅदरिंगची जबाबदारी गळ्यात पडलेले सर. सगळ्यांना ‘रिदमवाला बोर्ड’ हवा असतो, आणि तोही परवडणारा. दुकानदार दोन खोकी पुढे करतो: यात ६२२ आवाज, त्यात ८२०. गिऱ्हाईक मोठा आकडा बघतं आणि पैसे मोजतं.

आकड्यांवर जाऊ नका. यामाहाच्या पीएसआर-ई३७३मध्ये ६२२ आवाज आणि २०५ स्टाइल (कॉर्ड धरल्यावर आपोआप चालणारी साथ) आहेत, ई४७३मध्ये ८२० आणि २९०. तीन तासांच्या कार्यक्रमात त्यातले पंधरा आवाज वाजले तरी खूप झाले. दोघांतला खरा फरक बघायचा तर बोर्ड फिरवून त्याची पाठ बघा. ई४७३ला मिक्सरकडे जाणारी डावी-उजवी अशी दोन वेगळी सॉकेटं आहेत, शिवाय माइकची सोय. पुढच्या बाजूला पिच बेंडचं चाक. ई३७३ला बाहेर पडायला हेडफोनचं एकच सॉकेट, आणि चाक नाही. मींड घ्यायची म्हटली तर बोटं हवेत. स्टेजवर वाजवायचं असेल तर जास्तीचे पैसे या पाठीमागच्या सॉकेटांसाठी द्या, आवाजांसाठी नाही.

त्या एका सॉकेटाचं गाऱ्हाणं प्रत्येक मंडपात ऐकू येतं. त्यात पिन घातली की बोर्डाचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. मॉनिटर मिळाला नाही तर वाजवणाऱ्याला स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नाही. पुढचा घोटाळा तर कुणाच्या लक्षातच येत नाही. साउंडवाल्यानं ती स्टिरिओ केबल सरळ मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खोचली, की मिक्सर डाव्या-उजव्या आवाजांतला फरक तेवढा घेतो आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कापून टाकतो. बेस आणि ढोलाचा ठोका बहुधा मधोमधच ठेवलेले असतात, म्हणजे नेमके तेच गायब. वाजवणारा म्हणतो बोर्ड फुसका, साउंडवाला म्हणतो वाजवणारा कच्चा. दोघांचंही चुकतं, कारण दोष केबलचा आहे. एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना अशी वाय केबल लावा, दोन चॅनल घ्या, ठोका परत येतो.

आता मुख्य गोष्ट. लाइव्ह कार्यक्रमात बोर्डानं गायकाचं ऐकायचं असतं, आणि झटपट ऐकायचं असतं. ताई काळी चारमध्ये गातात, पुढचे दादा पांढरी दोनमध्ये. एकाच पट्टीत वाजवून ट्रान्सपोजवर भागवणारे पुष्कळ असतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण काही बोर्डांवर ट्रान्सपोजचं बटण समोर असतं, काहींवर ते मेनूच्या पोटात. निवेदक ‘आणि आता सादर करत आहेत’ म्हणेपर्यंत मेनू उघडून खाली-खाली जायला वेळ नसतो. मग आधीच्या गाण्याचा अधिक आठ तसाच राहतो आणि दादांची पहिली ओळ कुठल्या कुठे लागते. म्हणून रजिस्ट्रेशन मेमरी बघा: आवाज, स्टाइल, लय सगळं एका बटणावर. त्यात ट्रान्सपोजही साठतो का, हे दुकानातच दाबून बघा. ई३७३मध्ये अशा ९ जागा आहेत, ई४७३मध्ये ३२. पीएसआर-एसएक्स६००मध्ये आठ-आठच्या बँका करून पेनड्राइव्हवर ठेवता येतात. तीस गाण्यांचा कार्यक्रम करणाऱ्यानं आधी हा आकडा विचारावा.

लयीचं तसंच. भजन संथ सुरू होतं आणि गजराला चढतं. पखवाजवाल्याला ते सांगावं लागत नाही, स्टाइलला सांगावं लागतं. ती घड्याळावर चालते, बुवांच्या श्वासावर नाही. चालू स्टाइलमध्ये टॅप टेम्पोचं बटण नव्या लयीत दोनदा दाबलं की लय बदलते. स्वस्त बोर्डांतही हे बटण असतं. डाव्या हातानं कॉर्ड धरून त्या बटणासाठी एक बोट मोकळं करायचा सराव मात्र घरी करावा लागतो.

डाव्या हाताचीही एक युक्ती सांगतो. आपली कितीतरी गाणी कॉर्डवर चालतच नाहीत. भूपातल्या अभंगावर दर दोन मात्रांनी मेजर-मायनर बदलत राहिलं की अभंगाचा रंग उतरतो. तिथे नुसते सा आणि प धरा. यामाहाचे बोर्ड षड्ज-पंचमाची ही जोडीही कॉर्ड म्हणून ओळखतात. गंधार नसल्यानं मेजर-मायनरचा प्रश्नच उरत नाही, ठेका चालू राहतो आणि खाली तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. यासाठी एक रुपया जास्त द्यावा लागत नाही.

ढोलकी मात्र बोर्डातली घेऊ नका. भारतासाठी काढलेल्या यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत आणि कॅसिओच्या ‘आयएन’ शेपटीच्या मॉडेलांत आपले आवाज आणि ताल आहेत, आणि केहरवा-दादऱ्यापुरते ते कामाचे आहेत. लावणीचा तोडा त्यांतून निघत नाही. नाचणारीच्या पावलावर ढोलकीवाला हात टाकतो तेव्हा तो तिच्याकडे बघत असतो. बोर्डाला डोळे नाहीत. शेजारी ढोलकीवाला बसला असेल तर स्टाइलमधला तालाचा भाग बंद करा, बेस आणि तारा तेवढ्या ठेवा. म्हणून स्टाइलचे भाग वेगवेगळे बंद करता येतात तो बोर्ड निवडा. ढोलकीवाल्याची बिदागी वाचवण्यासाठी बोर्ड घेणाऱ्या आयोजकांचा मला राग येतो. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा करत, आणि कुठल्या वाद्यानं कधी गप्प राहायचं हेही त्या कामातच येतं. स्टाइलला गप्प कधी करायचं, ते ठरवणं आता वाजवणाऱ्याकडे आहे.

रोलँडचा एक्सपीएस-१० बऱ्याच वाद्यवृंदांत दिसतो म्हणून डोळे मिटून घेऊ नका. बोर्ड हलका आहे, बाहेरचे आवाज आत भरता येतात, पण कॉर्ड धरल्यावर साथ करणारी स्टाइल त्यात नाही. पॅडवाला आणि ढोलकीवाला सोबत असतील तर उत्तम. एकट्यानं हळद वाजवायची असेल तर उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर महिन्याला एखाद-दुसरा कार्यक्रम असेल त्यानं ई४७३ घ्यावा. कार्यक्रम जास्त असतील, गायक बदलत असतील, तर नव्या छोट्या बोर्डापेक्षा वापरलेला एसएक्स६०० किंवा त्याच्या आधीचा एस६७० शोधावा. त्यांत आपली स्टाइल बोर्डावरच घडवता येते. ई मालिकेत ती बाहेरून भरता येते, घडवता येत नाही. वापरलेला घेताना प्रत्येक पट्टी आधी हलकी, मग जोरात दाबा. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला किंवा आलाच नाही, तर आतलं रबर गेलंय. पिच बेंडचं चाक सोडल्यावर सूर जागेवर येतो का ते कानानं तपासा, पिन हलवून खरखर ऐका. आणि जमलं तर गायकाला सोबत न्या.