कुंपणापलीकडची बिअर

कुसुमकाकू लेकीकडे पेनसिल्व्हेनियात चार महिने राहून आल्यात. तेव्हापासून त्यांच्याकडचा कढीपत्ता तोडायला गेलं की अर्धा तास अमेरिका ऐकावी लागते. आज विषय निघाला बिअरचा.

"जावई म्हणाले, चला आई, देशातला सगळ्यात जुना कारखाना दाखवतो. मला वाटलं कापडाचा असेल! पॉट्सव्हिल म्हणून कोळशाच्या खाणींचं गाव, चढावर विटांची इमारत, अन् आत शिरले तर आंबूस वास. इडलीचं पीठ रात्री उतू गेल्यासारखा."

"अन् तुम्ही गेलात? एकादशी मोडत नाही तुम्ही!"

"बघायला गं, प्यायला नाही. यिंगलिंग नावाचं घराणं. मला वाटलं चिनी असतील, निघाले जर्मन. मूळ आडनाव युंगलिंग, म्हणजे तरणा पोरगा. त्यातल्या डेव्हिडनं 1829 ला कारखाना काढला, तो दोन वर्षांत जळाला. मग डोंगराला लागून नवा बांधला अन् हातानं भुयारं खोदली. फ्रीज कुठला तेव्हा? बिअर गार राहायला हवी ना. मी भिंतीला हात लावून पाहिला, नव्या माठासारखी पाझरत होती."

 

"मग काय, पैसाच पैसा."

"कुठला! 1920 ला सरकारनं देशभर दारू बंद केली. सरकारी माणसांनी भुयाराचं तोंड विटांनी चिणून टाकलं. त्या भिंतीचा तुकडा अजून दाखवतात. यांनी काय केलं असेल? समोर डेअरी काढली, आइस्क्रीम विकलं. जोडीला नशा न चढणारी बिअर. तेरा वर्षं रेटली अशी. 1933 ला बंदी उठली, तर लगेच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना ट्रकभर बिअर धाडली म्हणे, 'विनर' नावाची. आता तूच सांग, जी मुरायलाच दोन-तीन आठवडे लागतात, ती लगेच कुठून आली?"

"काकू, माझं माहेर वर्ध्याचं. बंदीतली बाटली कुठून येते ते मला विचारू नका."

काकू इतक्या हसल्या की हातातली डहाळी कुंपणात पडली. ती काढेपर्यंत त्यांचा सूर बदलला.

"पण मला आवडलं ते वेगळंच. त्या घरात बाप पोराला कारखाना वारशात देत नाही, विकतो. पोरानं रोख मोजायचे. डिक म्हणून पाचव्या पिढीचे आहेत, त्यांचं बापाशी पटेना, बाहेर पडले. दुसऱ्यांची बिअर दुकानांना पुरवायचा धंदा केला. बाप आजारी पडल्यावर 1985 ला आले, ते कारखाना विकत घ्यायलाच."

"सख्ख्या बापाकडून?"

"सख्ख्या! अन् डिकना पोरगा नाही, चार मुली. चौघी धंद्यात. कुणी म्हटलं नाही की आडनाव बुडालं."

"त्याही विकतच घेणार?"

"तशीच रीत आहे त्यांची." काकूंनी डहाळी झटकली. "परवा थोरला आला होता, वाड्याच्या वाटणीचं काढून. त्याला ही सगळी गोष्ट सांगितली."

"मग?"

"चहा न घेताच गेला."