गंगापूरची शीड समिती

आमच्या पुतण्याने सिडनीत शिडाची बोट घेतली, छत्तीस फुटी, सेकंडहँड, आणि तिच्या पुढच्या शिडाचा निर्णय गंगापुरात झाला. गंगापूरहून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर. पण आमच्या घराण्यात कुठलाही निर्णय ज्याचा त्याने घ्यायची पद्धत नाही. बोटीपुरता अपवाद कोण करणार?

झालं असं, की शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालत नाही. वारा साधारण पंचेचाळीस अंशांवर ठेवून आधी या अंगाने, मग वळून त्या अंगाने, अशी नागमोडी पुढे जाते. या वळण्याला टॅक म्हणतात. दर टॅकला पुढचं शीड, म्हणजे जिब, एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायचं. पुतण्याच्या बोटीवर होतं जेनोआ. हे जिबचं थोरलं भावंड. डोलकाठीच्याही मागे पसरलेलं, त्यामुळे वळताना फडाफडा आपटत काठीला वळसा घालून जाणारं. मग विंचचं हँडल गरागरा फिरवून ते ताणायचं. पुतण्या सुकाणूवर, म्हणून हँडल सूनबाईकडे. पिटवॉटरच्या चिंचोळ्या पाण्यात एक टॅक आटोपला की दुसरा हजर.

"सोड, सोड!"

"काय सोडू?"

"डावी!"

"तुझी डावी की माझी?"

हा संवाद आम्ही व्हिडिओ कॉलवर सहकुटुंब ऐकला. माझी थोरली बहीण, जिला घरात सगळे आत्याच म्हणतात, फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "कामून रे, पोरीला मोट ओढायला नेलंय का तिथं?"

यावरचा उपाय पुतण्यानेच सांगितला : सेल्फ-टॅकिंग जिब. डोलकाठीच्या पुढे डेकवर एक आडवा रूळ, रुळावर सरकणारी छोटी गाडी, आणि शिडाची एकच दोरी त्या गाडीतून मागे आणलेली. बोट वळली की शीड गाडीसकट आपणहून पलीकडे जातं. कुणी काही सोडायला नको, ओढायला नको. "वारा बदलला की आपणहून बाजू बदलतं? मग हे आपले पुढारीच की," धाकटा भाऊ म्हणाला. ही कोटी त्या आठवड्यात गंगापुरात ज्याला ज्याला हकिकत कळली त्याने त्याने केली, आणि प्रत्येकाला ती स्वतःचीच वाटली.

पण कोटी करूनही धाकटा विरोधी पक्षातच राहिला. त्याचं वाचन दांडगं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली, तीही छप्पन्न फुटी, आणि दिलीप दोंदे 2009-10 मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. "आणि याला छत्तीस फुटांवर दोन माणसं पुरेनात!"

आत्या म्हणाली, "दोंदे एकटे गेले ना? म्हणजे बायकोला दोरी ओढायला लावली नाही."

धाकट्याने मग 'तारिणी' काढली. 2024 च्या 2 ऑक्टोबरला लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच गोव्याहून निघाल्या आणि मेअखेरीस जग फिरून परत आल्या. बायकांना जमत नाही असं थोडंच आहे?

"त्या नौदलातल्या, पगारी," आत्या म्हणाली. "ही बिनपगारी."

एवढ्यावर चर्चा संपायला हरकत नव्हती. पण आमचे दाजी पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. पाण्याचा कुठलाही प्रश्न त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. जायकवाडीचे 102 टीएमसी ते अजून स्वतःच्या खात्यावर धरतात. ते म्हणाले, आधी मॉडेल करा.

मॉडेल झालं. पाटाला डोलकाठी म्हणून झाडूचा दांडा, आत्याच्या जुन्या पातळाचं तिकोनी शीड, वारा टेबलफॅनचा. धाकट्याने पडद्याचा सरळ रूळ आणून ठोकला. पंखा सुरू केला, पाट फिरवला, तर गाडी मध्येच अडून बसली, टोकाला जाईना. सरळ रुळाचं टोक शिडाच्या पुढच्या कोपऱ्यापासून जास्त लांब पडतं, तिथे जाताना दोरी ताणते, मग गाडी कशाला जाईल? रूळ कमानदार हवा, आणि कमानीचा मध्य शिडाच्या पुढच्या कोपऱ्याच्या आसपास. आम्ही वैजापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या वेल्डरकडे गेलो. शिडाच्या बोटीचा रूळ वाकवायचाय म्हटल्यावर त्याने भुवईसुद्धा उचलली नाही. "गोलाई किती द्यायची?" एवढंच विचारलं. वाकवलेल्या रुळावरून पातळाचं शीड असं सुळकन पलीकडे गेलं, की आत्याने ते बघायला शेजारपाजार गोळा केला.

दाजी मात्र खूश नव्हते. जेनोआ काढलं तर कापड किती कमी होणार, हा त्यांचा प्रश्न. पुढचा त्रिकोण तीस चौरस मीटरचा धरला तर 140 टक्क्यांचं जेनोआ बेचाळीसचं होतं. आणि डोलकाठीच्या पुढून जायचं म्हणून हे आपोआप शीड जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसचं. मंद वाऱ्यात बोट पाण्यावर म्हशीसारखी बसून राहणार. वारा मागून घेतला तरी गाडी रुळाच्या बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून शिडाचा माथा पिळवटतो आणि वारा वरून सांडतो. वादळात तर आणखी पंचाईत : जिब मुद्दाम उलट्या अंगाला अडवून, सुकाणू बांधून बोट एका जागी शांत ठेवायची असते, आणि हे शीड तर अडून राहायलाच तयार नाही.

"गाडी बांधून टाकायची दोरीने," आत्या कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली. पुतण्याने चौकशी केली. तिथले लोकही तेच करतात.

शेवटी दाजींनी विचारलं, "तिथं वारा किती?" उन्हाळ्यात दुपारी ईशान्येचा, पंधरा-वीस नॉट, पुतण्या म्हणाला. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, म्हणजे हा झाला अठ्ठावीस ते सदतीस. कायगावच्या पुलावर उभं राहून नाथसागराच्या फुगवट्यावरून येणारा वारा अंगावर घ्यायचा आणि त्याच्याशी ताडून पाहायचं, असं दाजींनी ठरवलं, आम्ही गेलोही. प्रवरा येऊन गोदावरीला मिळते त्या पाण्याकडे पाहत ते बराच वेळ टोपी धरून उभे राहिले. "एवढ्या वाऱ्याला अठ्ठावीस मीटर कापड बास," ते म्हणाले. मंद वाऱ्यासाठी कोड झिरो नावाचं मोठं, हलकं, गुंडाळून ठेवता येणारं शीड वेगळं घ्यावं, अशी उपसूचना जोडून ठराव मंजूर झाला. शिडाच्या तळाशी आडवी काठी लावायचा एक पर्याय होता, तो आत्यानेच उडवला. ती काठी डेकवरच्या माणसाच्या नडग्या फोडते म्हणे.

शीड बसलं, उत्तम चाललंय. आता टॅकला फक्त सुकाणू फिरवायचं, म्हणून सूनबाईने ते हातात घेतलं आणि सोडलंच नाही. पुतण्याला काही कामच उरलं नाही. परवाच्या व्हिडिओ कॉलवर बोट एका कुशीवर कललेली, आणि हा खालच्या स्वयंपाकघरात एका हाताने गॅसची शेगडी धरून दोन कप चहा गाळत होता.

आत्याने दोनदा डोळे पुसून स्क्रीनकडे पाहिलं.

"ते जुनं शीड विकलं का रे?"

"नाही, गॅरेजमध्ये आहे."

"मग ते परत लाव."