लेबल सुटता सुटेना

अमेरिकेत घरी बियर करायला कायद्याची मोकळीक मिळाली ती जिमी कार्टर यांच्या सहीनं. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांनी विधेयकावर सही केली, पुढच्या १ फेब्रुवारीपासून ते लागू झालं आणि एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बियर कर न भरता करता येऊ लागली. राज्यांनी मात्र आपापल्या सवडीनं घेतलं. अलाबामा आणि मिसिसिपीला तर त्यासाठी २०१३ उजाडावं लागलं. यीस्ट, मॉल्ट, हॉप्स आणि आंबवण्याचं तापमान यांवर तेव्हापासून ढिगानं लिहून झालंय. पण २०० गॅलन म्हणजे अमेरिकी मापाच्या, ३५५ मिलिलिटरच्या, २,१३० च्या वर बाटल्या होतात. त्या कुठून आणायच्या आणि त्यांच्या अंगावरचे कागद कुणी काढायचे, यावर कायदा अवाक्षर काढत नाही.

घरगुती बियरचा नेहमीचा घाणा पाच गॅलनचा, म्हणजे एकोणीस लिटरच्या आसपास. तळाचा गाळ सोडला तर पन्नासेक बाटल्या भरतात. दुकानात चोवीस कोऱ्या, रिकाम्या, स्वच्छ बाटल्यांचा खोका विकत मिळतो. तो आणला की विषय संपला. पण घरी बियर करणारा माणूस विषय संपवण्यासाठी या छंदात पडलेला नसतो. रिकामी बाटली विकत घेणं त्याला अपमानास्पद वाटतं. भरलेली घ्यायची, ती आपण रिकामी करायची आणि बाटली ‘फुकट’ पडली असं घरात सांगायचं, हे त्याचं अर्थशास्त्र.

त्यातही कुठलीही बाटली चालत नाही. झाकण फिरवून उघडणाऱ्या बाटल्या बाद, कारण त्यांच्या आटे असलेल्या तोंडावर घरच्या यंत्रानं बसवलेलं झाकण भरवशाचं राहत नाही. लागते ती ओपनरनं उघडायची बाटली, बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं १८९२ मध्ये पेटंट घेतलेल्या दातेरी पत्र्याच्या झाकणाची. काच तपकिरी हवी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत शिरला की हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बियरला स्कंक या प्राण्याची आठवण करून देणारा वास येतो. म्हणून हा गृहस्थ दुकानात गेला की आतल्या बियरकडे शेवटी बघतो. आधी काचेचा रंग, मग तोंडाची कड, आणि मग लेबलाच्या कोपऱ्यात नख घालून एक हळूच चाचणी. दुकानदार लांबून बघत असतो. नवा असेल तर त्याला काळजी वाटते.

नख घालण्याला कारण आहे. सगळी लेबलं एका स्वभावाची नसतात, आणि त्यांच्या स्वभावामागे सरळ व्यवहार आहे: ती बाटली कारखान्यात परत यावी अशी कुणाची इच्छा होती की नव्हती.

पूर्वी बियरच्या बाटल्या परत येत, धुतल्या जात, पुन्हा भरल्या जात. अशा बाटलीच्या लेबलाकडून दोन उलट अपेक्षा असतात. बर्फाच्या पाण्यात तासभर बुडवली तरी ते हलता कामा नये, आणि कारखान्यातल्या धुलाईत मात्र मिनिटांत सुटलं पाहिजे. हे साधलं दुधानं. दुधातल्या केसीन या प्रथिनाचा गोंद गार पाण्याला दाद देत नाही, पण ८० अंशांच्या आसपास तापवलेल्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात लगेच विरघळतो. कागदही असा निवडतात की तो ओला होऊनही फाटू नये. त्याचा लगदा झाला तर बाटल्या धुण्याचं यंत्रच तुंबायचं. जर्मनीत ही व्यवस्था आजही धडधाकट आहे. साध्या परतीच्या बाटलीवर ८ सेंट अनामत, काचेला अडकवलेल्या तारेच्या बुचाची असेल तर १५ सेंट, आणि बाटली पुन्हा भरण्यासारखी नसेल तर २५. जर्मन बाटली गरम पाण्यात सोडली की लेबल आपणहून तरंगत वर येतं. जर्मन शिस्त म्हणतात ती हीच असावी.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन बोकाळले, एकदाच वापरायच्या बाटल्या बोकाळल्या. रस्त्याकडेला साचणाऱ्या त्यांच्या कचऱ्याला वैतागून ओरेगन राज्यानं १९७१ मध्ये अनामतीचा कायदा केला, पण पुढे पुढे तिथेही परत आलेली बाटली बहुतेक वेळा फोडून वितळवायला जाऊ लागली. परत भरायचीच नाही, तर लेबल सुटायला कशाला हवं? बऱ्याच कारखान्यांनी प्लास्टिकचं, पाठीला ॲक्रिलिकचा चिकटा असलेलं लेबल घेतलं. ते पाण्याला भीत नाही, सोड्याला भीत नाही. फुकटची बाटली गोळा करणाऱ्याला तर मुळीच भीत नाही.

आता प्रत्यक्ष काम. न्हाणीघरातला टब गरम पाण्यानं भरायचा, त्यात धुण्याचा सोडा किंवा ऑक्सिक्लीनची पूड टाकायची आणि बाटल्या एकेक करून बुडवायच्या. बाटली लगेच बुडत नाही. आधी ढेकर दिल्यासारखे बुडबुडे सोडते, आडवी होते, मग नाइलाजानं तळाला जाते. अर्ध्या तासानं भल्या लेबलांची पहिली तुकडी वर येते. त्यानंतर जी उरतात त्यांचा वरचा रंगीत पापुद्रा निघतो आणि खाली पांढऱ्या कागदाचं लव आलेलं कातडं राहतं. ते तारेच्या घासणीनं घासायचं. कागदाच्या बारीक सुरळ्या होऊन नखांत, टबाच्या कडेला आणि जाळीत बसतात. प्लास्टिकवाल्या लेबलासाठी बाटलीच्या आत कढत पाणी ओतून काच तापवायची आणि कोपरा धरून एका दमात ओढायचं. दम मध्ये तुटला तर चिकट्याचा पट्टा काचेवर राहतो आणि त्याला दिवसभरात घरातली सगळी धूळ येऊन मिळते.

काही बाटल्यांच्या गळ्याला चांदीच्या वर्खासारखा ॲल्युमिनियमचा कागद असतो. तो सोड्याच्या पाण्यात विरघळतो, आणि विरघळताना हायड्रोजन सोडतो. टब उघडाच असल्यामुळे काही बिघडत नाही, पण कुणी हाच प्रयोग झाकण घट्ट लावलेल्या बादलीत करू नये. रात्रभर अमोनियाच्या पाण्यात भिजवणारेही आहेत. त्यांनी तो आणि कपड्यांचा क्लोरिनवाला ब्लीच एकत्र केला तर विषारी वायू होतो, आणि मग लेबल राहतं बाजूला.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासात एखाद्या मराठी घरी सहा महिन्यांसाठी आई आलेली असली, की या कार्यक्रमाला जाणकार प्रेक्षक मिळतो. आई महाराष्ट्रातली, म्हणजे १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या राज्यातली. तिथं प्यायलाही परवाना लागतो आणि परवान्याशिवाय घरी बियर करणं हा गुन्हा. तेव्हा टबात चाळीस बाटल्या पाहून पहिला प्रश्न पोलिसांचा येतो. कार्टरसाहेबांची सही सांगितल्यावर तो मिटतो, आणि मग सुरू होतं मार्गदर्शन.

“अरे, रॉकेलचा बोळा फिरव. हां हां म्हणता निघेल.”

जॅमच्या बाटल्यांत मेतकूट आणि हॉर्लिक्सच्या बाटल्यांत शेंगदाण्याचं कूट भरण्यात हयात गेलेल्या बाईचा हा सल्ला असतो. मुलगा हसतो आणि कपाटातून चिकटा काढायचं खास अमेरिकन द्रावण आणतो. आई चष्मा लावून, अक्षर अक्षर जुळवत, घटक वाचते: पेट्रोलियमपासून काढलेलं तेल, आणि वासाला संत्र्याच्या सालीचं. ती काही बोलत नाही. बोलण्यासारखं उरलेलंच नसतं. थोड्या वेळानं एवढंच विचारते, की बियर कमी पडली तर यातल्या चार बाटल्यांत कोकमाचं आगळ भरलं तर चालेल का?

शेवटची पायरी तर तिला न शिकवता कळते. बाटली आधी नुसती स्वच्छ होते. भरायच्या आधी तिला स्टार सॅनसारख्या जंतुनाशकाची अंघोळ घालतात, आणि त्यानंतर तिच्या तोंडाला कुणी बोट लावायचं नाही. लावलं की पुन्हा अंघोळ. हे थेट सोवळं. सूनबाई मायक्रोबायोलॉजी समजावून सांगेपर्यंत सासूबाईंनी नातवाला स्वयंपाकघराबाहेर काढलेलं असतं. त्यांच्या गावी, खरं तर, यातलं काहीच करावं लागत नाही. ६५० मिलिलिटरची रिकामी बाटली भंगारवाला नेतो आणि ती फिरून कारखान्यात जाते. सात समुद्र ओलांडून, पदव्या घेऊन मुलगा जे काम हौसेनं करतोय, त्याचे तिकडे भंगारवाल्याकडून उलट चार पैसे मिळतात.

कधी कधी टबातून अशी बाटली निघते, जिच्यापुढे सोडा, रॉकेल, संत्रं सगळं निष्फळ. कॅलिफोर्नियातल्या स्टोन ब्रूइंगची ही खासियत. त्यांचं चित्र कागदावर नसून रंगानं काचेवरच छापून भाजलेलं असतं. मेक्सिकोच्या कोरोनाचंही तेच, शिवाय तिच्या तळाशी पाहुण्यांनी कोंबलेली लिंबाची फोड. आत जायला तिला दोन सेकंद लागलेले असतात. बाहेर काढायला चिमटा, तार आणि बरीचशी शिवीगाळ लागते. याच्या उलट टोकाला बेल्जियममधला वेस्टव्लेटरेनचा मठ. तिथल्या साधूंनी कित्येक दशकं बाटलीला लेबलच लावलं नाही. काय आहे ते झाकणावर लिहायचं. पिवळं झाकण म्हणजे सगळ्यात कडक, १२ नंबरची. घरी बियर करणाऱ्यांनी खरं तर या मठाच्या दिशेनं तोंड करून झोपलं पाहिजे.

लेबल राहिलं तर बियर बिघडते का? अजिबात नाही. आतल्या यीस्टला बाहेरचं वाचता येत नाही. तरीही दुसऱ्याच्या नावाखाली आपली बियर कुणी ठेवत नाही, आणि त्यात फारसं चूकही नाही. ब्रिटनमध्ये नोंदवला गेलेला पहिला ट्रेडमार्क बियरचाच आहे: बास कंपनीचा लाल त्रिकोण, १ जानेवारी १८७६. माने या चित्रकारानं १८८२ च्या आपल्या प्रसिद्ध पॅरिसच्या बारच्या चित्रात तो बाटल्यांवर रंगवला, त्यामुळे गेली सव्वाशेहून अधिक वर्षं एका बियरची फुकट जाहिरात चालू आहे. लेबलाचा महिमा एवढा असताना आपल्या तळघरातली बाटली दुसऱ्याचं कुंकू लावून का बसावी?

म्हणून सगळं घासून झाल्यावर गृहस्थ संगणकापुढे बसतो आणि स्वतःचं लेबल काढतो. आडनावाचा वाडा, एखादा गड, एक वाघ, आणि खाली बारीक अक्षरात अल्कोहोलचं प्रमाण, जे त्यानं अंदाजानं लिहिलेलं असतं. लेबल छापायचं लेझर प्रिंटरवर, कारण इंकजेटची शाई ओल लागताच पसरते. चिकटवायला या मंडळींची लाडकी युक्ती दूध. कागदाच्या पाठीला ब्रशनं दूध लावायचं, बाटलीवर दाबायचं, वाळू द्यायचं. वाळलं की वासही येत नाही, आणि पुढच्या वेळी गरम पाण्यात सहज सुटतं. कारखान्यांच्या केसीनच्या गोंदाचीच ही गरीब चुलत बहीण.

एवढं नटवून बाटली स्पर्धेला पाठवावी म्हटलं, तर अमेरिकेतल्या घरगुती बियरच्या स्पर्धांचे नियम वाचायला मिळतात. परीक्षकाला कुणाची बियर ते कळू नये, म्हणून बाटलीवर लेबल नको, रंग नको, काचेत उठावाची अक्षरं नकोत. झाकणावर काही छापलेलं असेल तर काळ्या मार्करनं पुसून टाका. नोंदणीची चिठ्ठी बाटलीला रबरबँडनं लावा; गोंद किंवा चिकटपट्टी लावाल तर खबरदार.

मग शनिवारी संध्याकाळी पुन्हा टब भरला जातो, वाडा, गड आणि वाघ पाण्यात जातात, आणि आतून आईचा आवाज येतो, “अरे, ते दुधाचं पाणी मोरीत ओतू नकोस, झाडांना घाल.”