मिक्सरचं मोठं भांडं

भाच्याने हिंजवडीतली नोकरी सोडली, याचं ताईला फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते त्याने छापून आणलेल्या कार्डाचं. नावाखाली लिहिलं होतं, ‘स्वतंत्र तंत्रज्ञान-उद्योग विश्लेषक’. ताईने कार्ड हातभर लांब धरून वाचलं, मागे काही लिहिलंय का ते उलटून पाहिलं आणि मला विचारलं, “म्हणजे कामावरून काढलं का रे याला?”

“आई, काढलं नाही. मीच बाहेर पडलो.”

“बरं. मग आता काय बनवणार?”

“बनवणार काही नाही. जे बनवतात त्यांच्याबद्दल मत देणार.”

“ते तर तुझे बाबा आयुष्यभर फुकट देतायत.”

ताईचा गैरसमज दूर करणं मामा म्हणून माझ्याकडे आलं. ताई, मत तोंडी दिलं की ती गप्पा होते, पीडीएफमध्ये दिलं की उद्योग होतो. अमेरिकेत गिडियन गार्टनर नावाच्या गृहस्थांनी 1979 मध्ये याच उद्योगाची ‘गार्टनर’ ही कंपनी काढली. आज जगभरच्या कॉम्प्युटर खात्यांचे साहेब तिचे अहवाल उशाशी घेऊन झोपतात. 2024 मध्ये कंपनीचं उत्पन्न सहाशे कोटी डॉलरच्या वर गेलं.

“एवढे पैसे देतं कोण?” ताईचा प्रश्न थेट होता.

“सॉफ्टवेअर घेणारे देतात आणि विकणारेही देतात.”

“अगंबाई, म्हणजे वधूवर सूचक मंडळ!”

ताईने आजवर तीन लग्नं जमवली आहेत, त्यामुळे पुढचं समजावणं सोपं गेलं. या मंडळाची पत्रिका बारा घरांची नसते, चार घरांची असते. तिला मॅजिक क्वाड्रंट म्हणतात. उभ्या रेषेवर करून दाखवण्याची कुवत, आडव्या रेषेवर दूरदृष्टी. वर उजवीकडे ‘लीडर’: फ्लॅट झालेला, गाडी दारात. वर डावीकडे ‘चॅलेंजर’: पगार उत्तम, पण मुलगा बोलायला लागला की समोरच्याला जांभई येते. खाली उजवीकडे ‘व्हिजनरी’: विचार फार मोठे, पगार सुरू व्हायचाय. आणि खाली डावीकडे ‘निश प्लेअर’: मुलगा स्वभावाने चांगला आहे.

‘स्वभावाने चांगला’ म्हणजे काय, हे ताईला सांगावं लागलं नाही. झेडएल टेक्नॉलॉजीज या कंपनीलाही सांगावं लागलं नव्हतं. ई-मेल साठवणुकीच्या पत्रिकेत आपल्याला या घरात बसवलेलं पाहून ती 2009 मध्ये थेट कोर्टात गेली. तिथे गार्टनरने बचाव केला, की हे आमचं मत आहे, वस्तुस्थितीचं विधान नाही. कोर्टाला ते पटलं. पुढे 2014 मध्ये नेटस्काउट कंपनीने दावा लावला. आपण चॅलेंजरच्या घरात कसे, आणि मंडळाची फी जास्त भरणाऱ्यांना झुकतं माप मिळतं, अशी तिची तक्रार होती. गार्टनरने आरोप फेटाळला. 2020 मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयानेही गार्टनरच्याच बाजूने कौल दिला. चौकोन हे मतच ठरलं. म्हणजे विकताना जे संशोधन असतं, ते कोर्टाची पायरी चढेपर्यंत मत होतं. ताई म्हणाली, “आम्हीही पत्रिका जुळवून देतो. पुढचं ज्याचं त्याचं नशीब.”

“मामा, मी त्यातला नाही,” भाचा उसळला. “मी स्वतंत्र आहे.”

स्वातंत्र्याचा खर्च कसा भागणार, ते मी विचारलं. त्याने बोटांवर मोजत सांगितलं. कंपनीसाठी श्वेतपत्रिका लिहायची, पैसे कंपनी देते. कंपनीच्या वेबिनारमध्ये कंपनीला अवघड प्रश्न विचारायचे, प्रश्न कंपनी आदल्या दिवशी पाठवते. वर्षातून एकदा लास वेगासला संमेलन. तिकीट, हॉटेल आणि पाठीवरची सॅक कंपनीची, मत मात्र पूर्णपणे आपलं. विश्लेषकांची बडदास्त ठेवायला मोठ्या कंपन्यांत वेगळं खातंच असतं. वरपक्षाच्या सरबराईला आमच्याकडे एक मामा पुरतो, तिथे अख्खं खातं!

विश्लेषकांच्या घराण्याची परंपरा थोर आहे, हे मात्र मान्य करावं लागेल. मॉर्गन स्टॅन्लेतले विश्लेषक बेन रोझेन यांनी नोकरी सोडून स्वतःचं पत्रक चालवलं. नव्या कंपन्यांबद्दल लिहिता लिहिता त्यांना कळलं, की लिहिण्यापेक्षा त्यांत पैसे घालणं बरं. लोटस आणि काँपॅक या दोन कंपन्यांत त्यांच्या फंडाने पैसे घातले. पत्रक त्यांनी 1983 मध्ये एस्थर डायसन यांना विकलं आणि स्वतः काँपॅकचे अध्यक्ष झाले. पंचाने सामना बघता बघता संघच विकत घ्यावा, तसं हे.

“पण या धंद्याचा खरा कणा भाकीत आहे,” भाचा म्हणाला.

कणा नव्हे, दशांश चिन्ह. 2011 च्या वसंतात गार्टनरने सांगितलं, की 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फोनप्रणालीचा बाजारातला वाटा 19.5 टक्के असेल. आयडीसी या दुसऱ्या अहवालवाल्या कंपनीने सांगितलं, 20.9. त्या 1.4 टक्क्यांच्या फरकात केवढं शास्त्र दडलेलं! 2015 उजाडलं तेव्हा वाटा तीन टक्क्यांच्याही आत होता. कोणी आपले शब्द गिळले नाहीत. नव्या वर्षाचं नवं भाकीत आलं, त्यालाही दशांश चिन्ह होतं.

गिळले ते सुट्या माणसांनी. स्ट्युअर्ट अल्सॉप या गृहस्थांनी 1991 मध्ये ‘इन्फोवर्ल्ड’ या संगणक साप्ताहिकात लिहिलं, की जगातला शेवटचा मेनफ्रेम, म्हणजे महाकाय संगणक, 15 मार्च 1996 रोजी बंद होईल. वार तेवढा सांगायचा राहिला. मेनफ्रेम आजही बँकांचे हिशेब करतोय. पुढे आयबीएमच्या वार्षिक अहवालात अल्सॉपसाहेबांचा फोटो छापून आला, स्वतःचे शब्द खाताना.

त्याच ‘इन्फोवर्ल्ड’मध्ये बॉब मेटकाफ सदर लिहीत. हा साधा माणूस नव्हे, इथरनेटचा जनक. 1995 च्या डिसेंबरात त्यांनी लिहिलं, की 1996 मध्ये इंटरनेट कोसळेल, आणि नाही कोसळलं तर मी माझे शब्द खाईन. इंटरनेट कोसळलं नाही. एप्रिल 1997 मध्ये सांता क्लारा इथल्या परिषदेत ते मंचावर उभे राहिले. आधी त्यांनी केक आणवला, त्यावर सदर काढलेलं. सभेने आरडाओरडा केला, केक चालणार नाही. मग त्यांनी छापील सदराचा कागद मिक्सरमध्ये टाकला, वर पाणी ओतलं, फिरवलं आणि तो लगदा सगळ्यांदेखत संपवला.

“शाई पोटात गेली असेल हो,” ताई हळहळली.

मला मात्र त्या क्षणी भाच्याच्या कार्डावरचा ‘स्वतंत्र’ हा शब्द पहिल्यांदा नीट कळला. मोठ्या कंपनीत भाकीत चुकलं, तर ते खात्याचं चुकतं, आणि खात्याला पोट नसतं. सुट्या माणसाला असतं. ज्याचा लगदा त्यालाच प्यावा लागतो, तो स्वतंत्र.

मी ताईला स्वयंपाकघरातून मिक्सरचं मोठं भांडं आणायला सांगितलं आणि भाच्याला म्हणालो, “काढ तुझा पहिला अहवाल.”

त्याने लॅपटॉप उघडला. शेवटच्या ओळीत एआयबद्दल भाकीत होतं. आकडा होता, दशांश चिन्ह होतं आणि चक्क तारीखही होती. त्याने एकदा ओळीकडे पाहिलं, एकदा भांड्याकडे. मग शांतपणे तारीख खोडली आणि तिथे टाइप केलं, ‘नजीकच्या काळात’.

“लागलं पोरगं धंद्याला,” ताई म्हणाली आणि भांडं शेंगदाण्याच्या चटणीसाठी परत घेऊन गेली.