अकरानं भाग जाणारी किल्ली

संगणकाचे निळे पडदे अनेक प्रकारचे असतात, पण त्यांतला सर्वांत थंड डोक्याचा पडदा बिटलॉकरचा. तो मोठ्या अदबीनं रिकव्हरी की मागतो : ४८ आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत. आत लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, अर्धवट राहिलेली कादंबरी, सगळं जागच्या जागी असतं. वाचता मात्र कुणालाच येत नाही. मालकाला आणि चोराला एकच न्याय.

डिस्कला लागणारं हे कुलूप मायक्रोसॉफ्टनं विंडोज व्हिस्टाबरोबर, २००७ च्या सुमारास आणलं. रोज ते जाणवत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम नावाची चिप आपल्या वतीनं किल्ली फिरवत असते. ही चिप स्वभावानं भारी संशयी. बायोस अपडेट करा, मदरबोर्ड बदला, की यंत्र कालचंच आहे यावर तिचा विश्वास बसत नाही आणि ती हात वर करते. अलीकडच्या विंडोजमध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच यंत्रांवर कुलूप आपोआप लागतं. त्यामुळे आपल्याकडे कुलूप आहे ही बातमी पुष्कळांना बाहेर अडकल्यावरच मिळते.

किल्लीचे ४८ आकडे मूठभर धान्य भिरकावल्यासारखे दिसतात, पण त्यांना शिस्त आहे. प्रत्येक सहा आकडी गटाला अकरानं पूर्ण भाग जातो. शाळेतली अकराची कसोटी आठवा : एक सोडून एक अंकांची बेरीज करायची, दोन्ही बेरजांची वजाबाकी शून्य किंवा अकराच्या पटीत आली की झालं. १३५७९५ घ्या. १, ५, ९ मिळून १५. ३, ७, ५ मिळूनही १५. पास. शेवटच्या पाचाचा सहा झाला किंवा मधल्या पाच-सातांनी जागा बदलल्या, तरी कसोटी बोट दाखवते. म्हणजे घोटाळा कुठल्या गटात झाला ते तिथल्या तिथे कळतं. ‘सर, याचा पुढे उपयोग काय?’ असं विचारून ज्यांनी पट्टी खाल्ली, त्यांना हे उत्तर आता मिळतंय.

खरा घोळ आकड्यांत नाही, ते ठेवायच्या जागेत आहे. विंडोज पर्याय देते : खात्यात ठेवा, पेनड्राइव्हवर ठेवा, फाइल करा, छापून घ्या. ती फाइल कुलूपबंद होणाऱ्या त्याच डिस्कवर ठेवतो म्हटलं, तर साफ नकार मिळतो. मनुष्यस्वभाव ओळखून दिलेला इतका शहाणा नकार संगणकाकडून क्वचितच ऐकायला मिळतो. पण माणूस त्याच्यावर वरताण. तो ‘छापा’ म्हणतो, प्रिंटरऐवजी पीडीएफ निवडतो आणि ती पीडीएफ निवांतपणे त्याच डिस्कवर ठेवून देतो. दुसरा खात्यावर विसंबतो; त्या खात्याचा पासवर्ड लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये आणि ओटीपी दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या नंबरवर.

यात फक्त घरगुती माणसंच सापडतात असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी केली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले. इलाज तसा किरकोळ होता, एक फाइल काढून टाकायची. पण डिस्क कुलूपबंद, म्हणून आधी प्रत्येक यंत्राशी बसून ४८ आकडे. काही ठिकाणी तर किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोही आडवाच. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीनं शक्कल लढवली : किल्ल्यांचे बारकोड केले आणि दुकानात बिस्किटाच्या पुड्यावर फिरवतात तसल्या स्कॅनरनं आकडे भरले.

गणितज्ञांना हा पेच जुनाच. आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीच्या नावातले ‘एस’ म्हणजे अदी शमीर. त्यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की गुपिताचे समजा पाच तुकडे असे करता येतात की कुठलेही तीन एकत्र आले तरच ते उलगडेल. दोघांनी कितीही डोकं खाजवलं तरी काडीचा पत्ता लागणार नाही. युक्ती बिनतोड आहे. मात्र पाच भावंडांपैकी तिघांचं एका गोष्टीवर, एकाच दिवशी एकमत होतं हे तिच्यात गृहीत धरलेलं आहे. शमीरांची गाठ आपल्या वाटणीपत्रांशी पडली नसावी.

तेव्हा किल्ली लपवायची कुणापासून, हे आधी ठरवावं. ज्याच्या हाती यंत्र लागेल त्याच्यापासून, बस्स. लोकलमधून लॅपटॉपची बॅग उचलणारा आपल्या कपाटापर्यंत पोचत नाही. म्हणून बॅगेत नाही, पण कपाटात ठेवलेला साधा कागद पुष्कळ घरांना पुरतो. दुसरी प्रत विश्वासातल्या नातेवाइकाकडे. कागदावर यंत्राचं नाव आणि की आयडीची पहिली आठ अक्षरं लिहावीत, कारण निळ्या पडद्यावर तीच ओळख दिसते आणि घरात लॅपटॉप तीन असतात. डिस्क पुसून नव्यानं कुलूप लावलं की किल्लीही नवी होते. मग जुना कागद फाडावा, पुढेमागे लागेल म्हणून जपू नये.

आणि तो कागद ठेवायला शक्यतो लॅपटॉपच्या मालकाकडे देऊ नये. रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी आणि थोरल्याचा जन्मदाखला कुठे आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. त्या माणसाला टीपीएम म्हणजे काय ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नाही.