आमचा जिल्हा लाल का?

आमची कंपनी शेतीपंप विकते आणि त्या विक्रीचे रिपोर्ट मी काढतो. महिन्याचा जिल्हावार तक्ता दुसऱ्या पानापुढे आजवर कोणी वाचलेला नाही. दर महिन्याला कोणीतरी एक रकाना वाढवून मागतं. मग मजकुराची रुंदी आणि दोन्हीकडचे समास मिळून ए-फोरच्या २१ सेंटिमीटरांपेक्षा केसभर जास्त भरतात आणि पीडीएफमध्ये एकाआड एक पान कोरं येतं. त्याची तक्रार नाही. उलट, ‘या वेळी रिपोर्ट सुटसुटीत झालाय’ अशी शाबासकी मिळाली.

मग साहेबांनी कुठेतरी नकाशा पाहिला.

मी रिपोर्ट ज्यात बनवतो, त्या रिपोर्ट बिल्डरमध्ये नकाशाची सोय २०१० पासून आहे. गॅलरी उघडली की अमेरिकेची राज्यं काउंट्यांसकट तयार असतात. टेक्सासमध्ये आमचा एकही पंप नाही. महाराष्ट्र हवा असेल तर शेपफाइल, म्हणजे जिल्ह्यांच्या हद्दींची फाइल, आपली आपण पैदा करायची. ती मिळाली, पण जिल्हे ३५. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, हे फाइलला कोणी कळवलंच नव्हतं. शिवाय नकाशा जिल्हा ओळखतो तो नावाच्या स्पेलिंगवरून. फाइलमध्ये अहमदनगर, बिलावर अहिल्यानगर आणि डीलरच्या नोंदीत नुसतंच ‘नगर’. राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, त्यामुळे भोकही ऐन मध्यावर आणि तेवढंच मोठं पडलं.

साहेबांनी बोट ठेवलं, “इथे धरण आहे का?”

त्यानंतर डीलरांचे ठिपके. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बिंदू फंक्शनने बनवला तर आधी अक्षांश द्यायचा, मजकुरातून बनवला तर आधी रेखांश. डीलरांनी मोबाइलवरून आकडे धाडले ते ज्याच्या त्याच्या मर्जीने. पुणे १८.५ उत्तर, ७३.९ पूर्व. अदलाबदल झाली की माणूस थेट नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात. हडपसरची एक जुनी पेढी तिथे जाऊन बसली.

“तिथे आपले पंप चालतील?”

“पाण्याला तोटा नाही, साहेब.”

ज्यांनी रकाने रिकामे सोडले, त्यांना शून्य-शून्य मिळालं आणि ते गिनीच्या आखातात पोचले. जगभरचे अर्धवट भरलेले फॉर्म तिथेच जमतात. नकाशावाल्यांनी त्या जागेला नल आयलंड असं नावही ठेवलंय. जिल्ह्याच्या हद्दीची वेगळीच गंमत. रेषा ज्या दिशेने जाते, तिच्या डाव्या हाताला आतली बाजू मानतात. बिंदू उलट्या क्रमाने आले तर भंडारा जिल्हा म्हणजे भंडारा सोडून उरलेली सगळी पृथ्वी. तिथल्या मॅनेजरना हे सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, “टार्गेट त्या हिशेबाने नाही ना वाढणार?”

सगळं दुरुस्त होऊन नकाशा मीटिंगमध्ये लागला आणि तक्त्याकडे ढुंकून न पाहणारी मंडळी खुर्च्या सोडून पडद्याजवळ आली.

“आमचा जिल्हा लाल का?”

“विक्री कमी आहे.”

“ते माहीत आहे हो. पण लाल का?”

प्रश्न रास्त होता, कारण रंग विक्रीइतकेच माझ्या माउसवरही ठरतात. ‘समान वाटणी’ निवडली की प्रत्येक रंगाला सारखेच जिल्हे. पाच रंग घेतले तर सातेक जिल्हे लाल होणारच, मग सगळ्यांनी दुप्पट पंप का विकेनात! ‘समान अंतर’ निवडलं तर सर्वांत कमी ते सर्वांत जास्त विक्रीचे पाच सारखे टप्पे पडतात. त्यात नाशिकने एकट्याने उंच उडी मारलेली, म्हणून बाकी जवळजवळ सगळा महाराष्ट्र खालच्या टप्प्यात. रुपया इकडचा तिकडे झालेला नसतो. त्यात चौदा हजार चौरस किलोमीटरची गडचिरोली लाल असली की अख्खं राज्य बुडाल्यासारखं दिसतं, आणि मुंबई शहर कुठल्याही रंगाचं असो, ते शोधायला भिंग लागतं.

ही मेख मंडळींनी एका मीटिंगमध्ये ओळखली. आता महिनाअखेरीला फोन येतात ते वसुलीबद्दल नव्हे.

“या खेपेला समान अंतरच ठेवा बरं का,” परवा एक मॅनेजर म्हणाले. “लाल तर लाल, पण सगळे असू देत.”

त्यांच्या पाठोपाठ नाशिकचा फोन आला. त्यांचंही म्हणणं तेच होतं.