लोड ऑर्डरवाला भाऊ

प्लेस्टेशन घ्यायचं डोक्यात असेल तर ते त्याच्यासमोर बोलायचं नसतं. माझी बहीण बोलली. भाच्याची दहावी झाली होती, बर्डीवर जायचं, एक डबा उचलायचा आणि येताना बर्फी घ्यायची, एवढाच बेत होता.

भाऊनं चहाचा कप खाली ठेवला. नागपुरात नाव आठवलं नाही की समोरचा भाऊ होतो. हा नाव आठवूनही भाऊच आहे. म्हणाला, "घ्या ना ताई. कोण नाही म्हणून राहिलं? पण मॉडचं काय?"

झालं. बर्फी राहिली.

मॉड म्हणजे काय हे ज्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही ते भाग्यवान. कंपनी गेम विकते आणि मोकळी होते. मग जगभरातली मंडळी तो गेम उसवून त्यात आपापली भर घालतात. कोणी नव्या गाड्या आणतो, कोणी नवं गाव वसवतो. एकानं तर ‘स्कायरिम’मधल्या ड्रॅगनच्या जागी थॉमस हे लहान मुलांचं रेल्वे इंजिन बसवलं आणि ते आभाळातून शिट्टी मारत येऊन आग ओकायला लागलं. हे मला भाऊनं स्वतः दाखवलं, आणि दाखवताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हे सगळं पीसीवर. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर यातलं मालक देईल तेवढंच मिळतं. २०१६ साली ‘फॉलआउट ४’चे मॉड एक्सबॉक्सवर आले, पुढे प्लेस्टेशनवरही आले, पण सोनीची अट अशी की बाहेरचं काही आत आणायचं नाही, गेममध्ये आहे तेच इकडचं तिकडे करायचं.

"किरायाचं घर आहे दादा ते," भाऊ म्हणतो. "खिळा ठोकाचा तरी मालकाले विचारा."

त्याच्याकडे वंशावळही तयार असते. ‘काउंटर-स्ट्राइक’ मुळात ‘हाफ-लाइफ’चा मॉड. ‘डोटा’ निघाला ‘वॉरक्राफ्ट ३’मधून. ‘आर्मा २’वर ‘डेझी’ हा मॉड आला, त्या मॉडचा मॉड करता करता एका माणसाला पबजी सुचलं. फुटाळा तलावावर बसून मोबाइलमध्ये माना घातलेल्या पोरांकडे बोट दाखवून तो म्हणतो, "हे सगळे आमचेच खानदानी." हे सगळं खरं आहे, हीच पंचाईत. भाऊ खोटं बोलत असता तर त्याला टाळणं सोपं गेलं असतं.

पण मॉडपर्यंतही ठीक. खरा त्रास लोड ऑर्डरचा.

मॉड कोणत्या क्रमानं चढवायचे त्या यादीला लोड ऑर्डर म्हणतात. दोन मॉड एकाच वस्तूला हात घालत असतील तर नंतर चढलेल्याचं चालतं. क्रम चुकला की गेम एक शब्द न बोलता बंद पडतो. जुन्या ‘स्कायरिम’मध्ये अडीचशेच्या थोडं वर गेलं की तो पुढच्या फाइली घेतच नाही, भाऊची यादी कायम त्या काठावर उभी असते आणि शेवटच्या जागेसाठी डझनभर उमेदवार ताटकळत असतात. वर्षानुवर्षं ही यादी खालीवर करून आता त्याला जगात दुसरं काही दिसतच नाही.

कस्तुरचंद पार्कजवळच्या ठेल्यावर पोहेवाल्यानं घाईत पोह्यांवर आधी कांदा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकला आणि मग तर्री ओतली. भाऊनं बशी परत केली. "लोड ऑर्डर चुकली ना भाऊ. आधी पोहे, मग चना, मग तर्री, वरून कांदा-सांबार, शेवटी लिंबू. तर्री नंतर टाकली तर ते कांद्याले ओव्हरराइट करते." पोहेवाल्यानं बशी हातात घेतली, चमच्यानं सगळं एकजीव कालवलं आणि पुढे सरकवत म्हणाला, "घ्या. करा लोड."

रेशीमबागेतल्या एका लग्नात नवरीच्या मामांना स्टेजवर आधी बोलवायचं की आत्याबाईंना, यावरून ताणलं होतं. भाऊ मध्ये पडला. मामांना बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही शेवटी चढा. शेवटी चढते त्याचंच चालते." मामा शेवटी चढले. तोवर फोटोग्राफर जेवायला बसला होता. मामा अजून भाऊशी बोलत नाहीत.

शहराबद्दलही त्याचं हेच. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, मग नालीसाठी फोडला, मग केबलसाठी फोडला, आणि शेवटी घराच्या उंबरठ्याच्या वर गेला. गल्लीतले सगळे शिव्या घालत होते. भाऊ फक्त कमरेवर हात ठेवून खड्ड्याकडे पाहत उभा होता. "कोणी लावली बे ही लोड ऑर्डर?" मला वाटतं, नगरनियोजनावर इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे ऐकलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे मोठाले पुतळे मिरवणुकीनं निघतात, एवढ्या गर्दीतून इतवारीत एकमेकींना भेटतात. भाऊ दरवर्षी न चुकता जातो. भक्तीनं नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ दोन जड फाइली एकाच अरुंद गल्लीत चढतात आणि क्रॅश होत नाही, हे पाहायला जातो.

आता कोणालाही वाटेल, एवढा क्रम लावणारा माणूस खेळत किती असेल. तो खेळत नाही.

‘स्कायरिम’ २०११ च्या नोव्हेंबरात आला. सुरुवातीला नायकाचे हात बांधून त्याला घोडागाडीतून नेत असतात, पुढे गावात शिरच्छेद व्हायचा असतो, तिथे ड्रॅगन येतो आणि खरा खेळ सुरू होतो. मॉड फार झाले की ही गाडी बिथरते. उड्या मारते, उलटते, कधी झाडावर जाऊन बसते. भाऊ मॉड चढवतो, गाडीत बसतो, गाडी उलटते. तो उठतो, यादी खालीवर करतो, पुन्हा गाडीत बसतो. इतकी वर्षं हा माणूस हात बांधून त्याच गाडीत बसला आहे. झाडाच्या पानावरचं दव त्यानं खरं करून दाखवलं, बर्फावर पाऊल उमटवलं, बांधलेल्या दोरीचा पीळ न् पीळ दिसतो. पण ते गाव काही आलं नाही. दरम्यान समोरच्या बिल्डिंगमधल्या शाळकरी पोरानं तोच गेम प्लेस्टेशनवर पुरा केला, डिस्क विकली, त्या पैशातून दुसरी घेतली, तीही संपवली. भाऊ त्याच्याबद्दल एवढंच म्हणतो, "खेळला असंल. पण त्यानं ते दव पाह्यलं काय?"

आणि मशीन! प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा ४९,९९० रुपयांना होतं. त्याच काळात क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलून बाजार कोरडा केला होता. भाऊनं बर्डीच्या मोदी नंबर दोनच्या गल्लीत इतक्या चकरा मारल्या की चहावाला उधारी लिहायला लागला. शेवटी मिळालेलं एकटं कार्ड प्लेस्टेशनपेक्षा महाग पडलं. घरी सांगितलं, ऑफिसच्या कामाला लागते.

नागपूरच्या मे महिन्यात ते कार्ड चालवणं हा वेगळा अध्याय. घरात मोठा कूलर एकच, आणि तो भाऊच्या खोलीच्या खिडकीला. त्याची आई हॉलमध्ये ओला टॉवेल खांद्यावर घेऊन बसते. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "थंड करायची लोड ऑर्डर असते दादा. आधी पीसी." २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली, हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आईंचं म्हणणं, सेन्सर ठीक होता, आमच्या हॉलमध्ये लावला असंल.

त्याचा एकच पराभव मी पाहिला आहे. काटोलहून त्याचा मावसभाऊ आला होता. पोराच्या हातात स्वस्तातला मोबाइल, त्यात ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. त्या इंडोनेशियन बसवर एसटीची लालपरी चढवलेली, एसटीचं चिन्ह जागच्या जागी. पोरगं हॉर्न वाजवत कुठल्याशा इंडोनेशियन घाटात लालपरी काढत होतं. ना कार्ड, ना कूलर. "हे लोड ऑर्डरनं केलं?" भाऊनं विचारलं. "नाही बा. डाउनलोड केलं, टाकलं." भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं मोबाइल मागून घेतला आणि अर्धा तास लालपरी चालवली. गाडी उलटली नाही.

तेव्हा माझ्या मते प्रश्न सुटला होता. मी भाच्याला प्लेस्टेशन घेऊन दिलं. जीटीए ६ जाहीर झाला तोही प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सपुरताच, पीसीचं नाव नाही, हे मी मुद्दाम भाऊच्या कानावर घातलं. पाचव्या जीटीएच्या वेळीही कन्सोलवाले २०१३ मध्ये खेळले आणि पीसीवाल्यांनी २०१५ पर्यंत वाट पाहिली. "पाहू ना वाट," तो म्हणाला. "आम्हाले सवय आहे."

एका दुपारी काही कागद द्यायला त्याच्या घरी गेलो. भाऊ ऑफिसात होता. त्याच्या खोलीत कूलरच्या ऐन झोतात त्याचे बाबा बसले होते. गुडघ्यांमुळे ते हल्ली फारसे बाहेर पडत नाहीत. पडद्यावर क्रिकेट चालू होतं. जरा पाहिल्यावर लक्षात आलं, हे टीव्हीवरचं नाही. हा ‘क्रिकेट ०७’ होता, २००६ च्या शेवटी आलेला ईए स्पोर्ट्सचा खेळ. त्यानंतर त्या कंपनीनं क्रिकेटचा गेम काढला नाही. आयपीएल सुरू झालं २००८ मध्ये, म्हणजे मूळ खेळात त्याचा पत्ताच नाही. प्लेस्टेशन २ वर ज्यांनी तो घेतला त्यांचे संघ तिथेच थांबले. पीसीवर मात्र पोरं दरवर्षी नवे संघ, नवे कपडे, नवे चेहरे घालत राहिली. कंपनीनं सोडलेला खेळ भारतातल्या आणि आसपासच्या देशांतल्या पोरांनी आजतागायत जिवंत ठेवला आहे.

पडद्यावर मुंबईविरुद्ध विदर्भ चालू होतं. कंप्यूटरच दोन्हीकडून खेळत होता. विदर्भाचा संघ २०१७-१८ चा: फैज फजल, वसीम जाफर, गोलंदाजीला रजनीश गुरबानी. १९५७-५८ पासून विदर्भ रणजी खेळत आला आणि साठ वर्षांनी इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून पहिल्यांदा जिंकला. त्या अंतिम सामन्यात गुरबानीनं हॅट्‌ट्रिक घेतली होती. जगातली कुठली कंपनी कशाला विदर्भाचा संघ गेममध्ये घालेल? भाऊनं एकेक चेहरा हातानं केला होता. फजलची दाढी मी ओळखली.

मैदानही ओळखीचं वाटलं. जामठ्याचं नव्हतं, सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए होतं.

"जामठा लय दूर पडते," बाबा म्हणाले. "मी याले म्हटलं, मले जुनं ग्राउंड पाह्यजे." १९८७ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक आणि गावसकरांचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक याच मैदानावर एकाच दिवशी झालं, आणि बाबा त्या दिवशी तिथे होते. आपण कुठे बसलो होतो ते त्यांनी मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. दुपारी त्या भागात सावली कुठून यायची हे त्यांनी भाऊला इतक्या वेळा सांगितलं होतं, की शेवटी पोरानं ती हलवली. समालोचन मात्र मूळचंच, मार्क निकोलस आणि रिची बेनॉ. बेनॉ २०१५ मध्ये गेले. इथे ते २०१८ च्या विदर्भावर अजून बोलत असतात, फक्त पोरांची नावं त्यांना घेता येत नाहीत. ती बाबा घेतात.

हा खेळ चालवायला ते लाखाचं मशीन लागत नाही. माझ्या ऑफिसातल्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या डब्यावरही तो पळेल. हे मी भाऊला अजून सांगितलेलं नाही. त्याला ते माहीत नसेल असंही नाही.

मुंबईची सातवी विकेट पडली.

"नेहमी जिंकतात का आपले?" मी विचारलं.

बाबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पोट्टा मुंबईवाल्यांचे आकडे कमी करून ठेवते. मले कळत नाही असं वाटते त्याले. एवढे वर्ष रणजी पाह्यली मी, मुंबई काय अशी खेळते?" मग जाफर स्लिपमध्ये झेल घेताना दिसला तसे ते पुन्हा पडद्याकडे वळले. "पण तू नको सांगू त्याले काही."